एक दिवा उबेचा, एक हाडांचा

आपल्याकडचा सरडा सकाळी कुंपणावर ऊन खात बसलेला सगळ्यांनी पाहिलाय. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात राहणारा त्याचा चुलतभाऊ बिअर्डेड ड्रॅगनसुद्धा कुंपणाच्या खांबावर तसाच चढून बसतो. त्या उन्हातून त्याला ऊब मिळते आणि यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, तोही मिळतो, दोन्ही एकदमच. घरातल्या पेटीत मात्र ते ऊन आपल्याला दोन दिव्यांत वाटून द्यावं लागतं. परदेशातल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टाने या बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू पाळायला येतं, तेव्हा सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

मीही ती केली. दुकानातून एकच बल्ब आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘यूव्हीए’ छापलेलं होतं. मी त्यातलं ‘यूव्ही’ तेवढं वाचलं आणि निश्चिंत झाले. यूव्हीए हा अतिनीलचाच दुसरा प्रकार. त्याचा उपयोग सरड्याला नीट दिसण्यासाठी होतो, पण हाडांसाठी लागतो तो यूव्हीबी, आणि साध्या उष्णतेच्या बल्बमधून तो मिळत नाही. ‘फुल स्पेक्ट्रम’ या शब्दांवरही विसंबू नये. खोक्यावर यूव्हीबी स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो दिवा यूव्हीबीचा समजावा.

उष्णतेच्या दिव्याचं काम समजायला सोपं आहे. सरड्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, आणि पोटातला किडा पचायलाही ऊब लागते. म्हणून पेटीच्या एका टोकाला हॅलोजनचा दिवा लावायचा आणि त्याखाली बसायला फांदी किंवा सपाट दगड ठेवायचा. पिल्लाच्या बसण्याच्या जागेचा पृष्ठभाग साधारण ४० ते ४२ अंश सेल्सिअस आणि दुसरं टोक २५ ते २८ अंश हवं, म्हणजे ते स्वतःच ठरवेल कुठे बसायचं. हात लावून अंदाज घेऊ नये. पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा. रात्री सगळे दिवे बंद. खोली फारच गार होत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर चालतो. लाल बल्ब रात्रभर लावू नये, त्या उजेडात त्याची झोप मोडते. पोटाखाली तापणारे दगडही नकोत, त्यांनी पोट भाजतं.

यूव्हीबीचा दिवा मात्र हाताला जाणवत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. तो काय करतो? सरड्याच्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. यूव्हीबी पडला की त्याचं ‘प्री-डी३’ होतं, आणि मग शरीराच्या उबेने त्याचं डी३ जीवनसत्त्व बनतं. हे डी३ असेल तरच आतडं खाण्यातलं कॅल्शियम नीट शोषतं. म्हणजे पहिल्या पायरीला एक दिवा लागतो आणि दुसरीला दुसरा. म्हणूनच यूव्हीबीची ट्यूब पेटीच्या गार टोकाला टांगून उपयोग नाही. ती उबेच्या जागेच्या वरच हवी, आणि पेटीच्या साधारण अर्ध्या लांबीची, म्हणजे उरलेल्या भागात सावली मिळते. छोट्या वळणदार बल्बपेक्षा लांब टी५ (बारीक नळीची) ट्यूब बरी, तिचा झोत सगळ्या अंगावर पडतो. दिवा आणि सरडा यांच्यात बारीक जाळी असेल तर बरेच किरण तिथेच अडतात. त्यामुळे अंतर कंपनीने सांगितल्याप्रमाणे ठेवावं.

“गॅलरीच्या काचेतून छान ऊन येतं की!” हे मला आमच्या सासूबाईंनी ऐकवलं होतं. बाळाला कोवळ्या उन्हात धरायच्या आपल्या पद्धतीमुळे हे वाटणं साहजिक आहे. पण खिडकीची काच ऊब आत सोडते आणि यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. शिवाय काचेची पेटी थेट उन्हात ठेवली तर आतला प्राणी थोड्याच वेळात उष्माघाताने मरू शकतो.

एकाच वस्तूतून दोन्ही देणारा मर्क्युरी व्हेपर दिवा मिळतो. पण तो डिमरवर, म्हणजे जोर कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, चालत नाही. ऊब कमी करायला तो वर उचलला की यूव्हीबीही कमी होतो. लहान पेटीत मला तो पटत नाही.

पिल्लाच्या बाबतीत मी एवढी आग्रही का, तर हाताच्या बोटाएवढं आलेलं हे पिल्लू वर्षभरात दीड फुटाच्या आसपास वाढतं. ती सगळी हाडं खाण्यातल्या कॅल्शियमवर उभी राहतात. वाढत्या पिल्लाचं खाणं मुख्यतः किडे आणि थोडा पाला, मोठ्याचं नेमकं उलट. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत संपतील एवढे क्रिकेट (रातकिडे) किंवा डुबिया जातीची झुरळं द्यावीत. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. या किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, म्हणून त्यांना आदल्या दिवशी चांगला पाला खाऊ घालून वर कॅल्शियमची पूड लावायची. ट्यूब चांगली असेल तर बहुतेक वेळा साधी पूड पुरते, डी३ असलेली अधूनमधून. कातडी गरजेपुरतंच डी३ बनवते, तोंडावाटे जास्त गेलेलं मात्र साठून अपाय करतं. पाल्यात मोहरीचा पाला चांगला. पालक आणि अळू नको, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. आणि बागेतला काजवा त्याच्या तोंडात कधीही जाऊ देऊ नये. अमेरिकेत एकेका काजव्याने हे सरडे मेले आहेत.

कोणता दिवा चुकलाय हे ओळखताना काळ बघावा. ऊब कमी असेल तर त्याच दिवशी कळतं: पिल्लू काळपट पडतं, सुस्त बसतं, खात नाही. ऊब वाढवली की पुन्हा धावायला लागतं. यूव्हीबी कमी असेल तर ते आठवडेच्या आठवडे खातं, खेळतं, ठीक दिसतं. मग बोटं थरथरतात, मागचे पाय ओढले जातात, जबडा रबरासारखा मऊ लागतो. मुलांना होतो तसाच हा मुडदूस. अशा वेळी पुडीचा डोस वाढवत बसू नये, सरड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावं. वाकलेलं हाड पूर्ण सरळ होईलच असं नाही.

आमच्या ट्यूबच्या टोकावर ती बसवल्याची तारीख मार्करने लिहिलेली आहे. बारा महिने झाले की ती लख्ख पेटत असली तरी मी उतरवते, कारण उजेड टिकतो आणि यूव्हीबी आधीच ओसरलेला असतो.