कान, केबल आणि खोली

ऑडिओफाइलच्या, म्हणजे आवाजाच्या दर्जाचं वेड असलेल्या शौकिनाच्या घरी गाणं ऐकायला गेलात, तर एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. या तुकड्यात झांज कशी हवेत तरंगते, त्या तुकड्यात गायिकेने घेतलेला श्वास कसा ऐकू येतो, आणखी एकात मागे बसलेल्या वादकाची खुर्ची कशी करकरते, एवढं दाखवून झालं की तबकडी बदलली जाते. खोलीत बसायच्या जागा बऱ्याच असतात, ऐकायची जागा मात्र एकच. ती यजमान मोठ्या मनाने तुम्हाला दोन मिनिटं देतो आणि वर बजावतो, "डोकं हलवू नका." त्याच्या साऱ्या बोलण्यात विज्ञानाच्या कसोटीवर सगळ्यात पक्कं उतरणारं वाक्य हेच, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी तारा, कारण या छंदातला निम्मा जीव तारांत अडकलेला असतो. जपानमधल्या काही शौकिनांनी शेजाऱ्यांच्या यंत्रांचा 'मळ' आपल्या विजेत मिसळू नये म्हणून अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतला. २०१६ मध्ये त्याच्या बातम्याही आल्या होत्या. विजेत मळ असतो हे खोटं नाही. पण ॲम्प्लिफायरच्या आत शिरल्यावर वीज आधी एकदिश होते, मग मोठ्या कपॅसिटरांतून गाळली जाते, आणि हा मळ काढणं हेच त्या भागाचं काम असतं. काहींच्या केबलवर आणि अगदी फ्यूजवरही दिशा दाखवणारा बाण असतो. शील्ड, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंधळ अडवणारं तारेभोवतीचं धातूचं आवरण, एकाच टोकाला जोडलेलं असेल, तर केबलवरच्या बाणाला काही अर्थ आहे. फ्यूजवरच्या बाणाला कुठला? त्यातून जाणारा प्रवाह सेकंदाला ५० किंवा ६० वेळा पुढे जातो आणि तितक्याच वेळा मागे फिरतो. तो बाण बघायला थांबत नाही.

केबल विकणारे खऱ्या विज्ञानाचा आधार घेतात, म्हणून त्यांना खोडून काढणं कठीण जातं. वाढत्या वारंवारतेबरोबर प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, हे अगदी खरं आहे. २० किलोहर्ट्झला तांब्यात तो बहुतांशी वरच्या अर्ध्या मिलिमीटरमधूनच वाहतो. फक्त घरातल्या चार-पाच मीटर जाड तारेत याचा परिणाम डेसिबलच्या शतांशात मोजावा लागतो, आणि जाहिरात नेमकी या वाक्याच्या आधी संपते. १९९०च्या सुमारास सीडीच्या कडेला हिरवं मार्कर फिरवायची लाट आली होती. म्हणे, भटका प्रकाश शोषला जाऊन आवाज स्वच्छ होतो. शाई लावण्याआधी आणि लावल्यानंतर लेझरने वाचलेले आकडे तेच होते, पण मार्कर खपले.

मग या लोकांना फरक ऐकू येतो तो खोटा का? माझ्या मते नाही, आणि त्यांना हसणारे बहुतेक इथेच चुकतात. त्यांना फरक खरोखरच ऐकू येतो. त्याचं श्रेय कोणाला द्यायचं, एवढंच चुकतं.

नवी केबल लावायला माणूस उठतो आणि परत येऊन बसतो. ३ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ११ सेंटिमीटर. स्पीकरमधून थेट आलेला आवाज आणि भिंतीवरून परतलेला आवाज कानाशी कुठे एकमेकांत मिळतात, तर कुठे एकमेकांना खातात. डोकं वीतभर इकडेतिकडे झालं की हे गणित बदलतं. म्हणजे दुसऱ्यांदा बसल्यावर कानावर पडणारा आवाज मोजून दाखवता येईल इतका वेगळा असतो. केबल बिचारी उगाचच नावाजली जाते. आवाजाच्या पातळीचंही तसंच. एक डेसिबलने मोठा आवाज बहुतेकांना मोठा न वाटता 'अधिक मोकळा' वाटतो. म्हणून काटेकोर चाचण्यांत दोन्ही उपकरणांची पातळी डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत जुळवून घेतात.

डोळ्यांचा वाटा तर याहून मोठा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये चाळीस जणांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना भरभरून गुण मिळाले. पडदा आला आणि ही तफावत बरीच आटली. मुरलेले श्रोतेही यातून सुटले नाहीत. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाची गाळणी घातली. कोणता आवाज गाळलेला, हे ऐकणाऱ्यांना ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

यावर पट्टीच्या शौकिनाचं उत्तर तयार असतं, की चाचणीच्या ताणाने कान बधिर होतात, किंवा चाचणीसाठी जोडलेला स्विचच आवाज बिघडवतो. २०२२ मध्ये मात्र नियतीने ताणविरहित चाचणी घेऊन टाकली. मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या तबकड्या अस्सल ॲनालॉग, म्हणजे आवाजाचे कुठेही आकडे न केलेल्या, म्हणून डोक्यावर घेतल्या जात होत्या, आणि त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत मधे एक डिजिटल पायरी असल्याचं उघड झालं. ज्यांना डिजिटलचा 'कोरडेपणा' लांबून ओळखू येतो, ते वर्षानुवर्षं तोच आवाज घरात बसून ऊबदार म्हणत ऐकत होते. माझ्या दृष्टीने हे त्या तबकड्यांच्या दर्जाचं प्रशस्तिपत्रच. चाहत्यांनी मात्र कोर्ट गाठलं.

आणि या छंदातली खरी शोकांतिका वयाची. हवं ते उपकरण घेण्याइतका पैसा हातात येतो पन्नाशी-साठीत, आणि तोवर बहुतेकांच्या कानांनी १२ किलोहर्ट्झच्या वरचा बराचसा प्रदेश सोडून दिलेला असतो. तरीही ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर टिपणाऱ्या फाइली सोवळ्यात ठेवल्यासारख्या जपल्या जातात. ते सूर ऐकायला वटवाघूळ बोलवावं लागेल.

या सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते सगळ्यात मोठं उपकरण, म्हणजे खोली. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. भिंतीला टेकून बसलात तर तो छातीवर आदळतो, खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतो. एका खुर्चीवरून दुसरीवर गेल्याने खर्जात दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो. केबलचा शतांश डेसिबल त्याच्यापुढे काय? जाड गाद्यांसारखे शोषक कोपऱ्यांत उभे करणं, पुस्तकांनी भरलेली कपाटं, स्पीकर भिंतीपासून दूर ओढणं, या उपायांचा फरक डोळ्यांवर पट्टी न बांधताही कळतो. अडचण एवढीच, की केबल सोफ्यामागे लपवता येते. स्पीकर दिवाणखान्याच्या मध्यापर्यंत पुढे ओढायला आणि कोपऱ्यांत छताला भिडणारे गठ्ठे रचायला घरातल्या बाकीच्या माणसांची परवानगी लागते, आणि तिथे पडदा लावून घेतलेल्या कोणत्याही चाचणीचा निकाल चालत नाही.