रस्त्यालगत बांधकाम करताना लागणारी परवानगी: अर्ज कुणी करायचा, कागद कोणते लागतात

बांधकामाचा नकाशा मंजूर झाला की मालक निश्चिंत होतो. पण ती मंजुरी कुंपणाच्या आतल्या जागेपुरती असते. परांचीचे पाय पदपथावर आले, वाळू-खडी रस्त्याच्या कडेला उतरवली, क्रेन किंवा काँक्रीटचा पंप रस्त्यावर उभा केला, नळजोडणीसाठी डांबर फोडलं, की सार्वजनिक जागा वापरल्याची वेगळी परवानगी काढावी लागते. काम एका दिवसाचं असलं तरी ती लागते.

सगळ्यात आधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. गावातून जाणारा प्रत्येक रस्ता स्थानिक संस्थेचाच असतो असं नाही. तो राज्याच्या किंवा राष्ट्रीय महामार्गाचा भाग असू शकतो. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज आठवडाभर पडून राहतो आणि मग परत येतो. शिवाय जागा वापरण्याची परवानगी आणि वाहतूक वळवण्याची परवानगी या बहुधा दोन निराळ्या गोष्टी असतात. पहिली रस्त्याचा मालक देतो, दुसरी वाहतुकीचं नियमन करणारं खातं देतं. एक हातात आली म्हणून काम सुरू करू नका.

अर्ज जागेचा मालक करू शकतो किंवा ठेकेदार. जर्मनीत वाहतुकीसंबंधीचा आदेश काम करणाऱ्या कंपनीनेच, काम सुरू होण्याआधी, फलकांचा आराखडा देऊन मिळवायचा असतो. मला ही पद्धत पटते, कारण कामाभोवतीचे अडथळे, म्हणजे कठडे, रोज लावणारा आणि हलवणारा तोच असतो. अर्ज मालकाच्या नावाने असेल तर ठेकेदाराची जबाबदारी करारात स्पष्ट लिहून घ्या.

साधारणपणे जागेच्या मालकीचा पुरावा, बांधकाम मंजुरीची प्रत, ठेकेदाराची नोंदणी, तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीसाठीचा विमा, रस्ता पूर्ववत करून देण्याचं हमीपत्र आणि रात्रीही फोन उचलेल अशा जबाबदार माणसाचा क्रमांक मागतात. किती लांबी-रुंदीची जागा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसा की रात्री, हे आकड्यांत लिहा. ‘काम संपेपर्यंत’ असं लिहिलेला अर्ज हमखास अडतो.

पण अर्जाचा जीव असतो तो वाहतूक व्यवस्थेच्या आराखड्यात, आणि नेमका तोच घाईत काढला जातो. गाड्या कुठून जातील हे सगळे दाखवतात. पायी चालणारा कुठून जाईल हे राहून जातं. ब्रिटनच्या नियमावलीत कामाच्या जागेजवळ पादचाऱ्यांसाठी शक्यतो दीड मीटर, आणि कमीत कमी एक मीटर मोकळी वाट ठेवायला सांगितलं आहे. अडथळ्याला खालच्या बाजूला एक आडवी पट्टी हवी, तिची खालची कड जमिनीपासून २० सेंटिमीटरपेक्षा वर नको, म्हणजे अंध व्यक्तीच्या काठीला ती लागते. नुसती फीत बांधली तर काठी तिच्या खालून निघून जाते आणि माणूस थेट खड्ड्याच्या तोंडाशी पोहोचतो. तुमच्या इथल्या नियमात ही पट्टी नसली तरी आराखड्यात दाखवा. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, बसथांबा, अग्निशमनाचा नळ, शेजाऱ्यांचं फाटक हेही त्याच कागदावर यायला हवं.

खोदाई असेल तर जमिनीखाली काय आहे याची चौकशी अर्जाआधीच करा. भारतात त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू झालं. अमेरिकेत २००७ पासून ८११ हा क्रमांक आहे. तिथे खोदायची जागा पांढऱ्या रंगाने आखतात आणि वाहिन्यांचे मालक येऊन खुणा करतात: विजेसाठी लाल, गॅससाठी पिवळा, पिण्याच्या पाण्यासाठी निळा. जुन्या नकाशांवर पूर्ण भरवसा ठेवू नका. खूण असेल तिथे यंत्र न लावता आधी हाताने खणून वाहिनी उघडी करा.

वाहिनी अचानक फुटली तर परवानगीची वाट पाहत बसायचं नसतं. अशा तातडीच्या कामाची सूचना मागाहून देता येते. ब्रिटनमध्ये त्यासाठी काम सुरू झाल्यापासून दोन तासांची मुदत आहे.

शुल्काबरोबर अनामत रक्कमही भरावी लागते. ती पूर्ण परत मिळवायची असेल तर काम सुरू होण्याआधी रस्त्याचे आणि पदपथाचे तारखेसह फोटो काढा, जमल्यास अधिकाऱ्यासोबत पाहणी करा. नाहीतर आधीपासूनच्या भेगाही तुमच्या खात्यात जमा होतात. खड्डा बुजवताना भराव थराथराने दाबला नाही तर वरचं डांबर काही काळाने खचतं. म्हणूनच इंग्लंडमध्ये बुजवलेल्या जागेची हमी दोन वर्षं, खोल खोदाईला तीन वर्षं द्यावी लागते.

मुदतवाढ हवी असेल तर मूळ मुदत संपण्याआधी अर्ज द्या. परवानगीची प्रत कामाच्या जागी ठेवा. काम झालं की राडारोडा उचला, फलक काढा आणि लेखी कळवून अंतिम पाहणी करून घ्या. अनामत परत मिळण्याची प्रक्रिया साधारणपणे त्यानंतरच सुरू होते.