फोटो उघडल्याने झिजत नाही

‘जेपेग फोटो वारंवार उघडला की त्याचा दर्जा घसरतो, म्हणून बघायला साधं सॉफ्टवेअर वापरू नका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. उघडताना सॉफ्टवेअर फाइल फक्त वाचतं. कॉपी केली, नाव बदललं, फोल्डर बदललं, तरी आतल्या चित्राचा एकही पिक्सेल हलत नाही.

नुकसान होतं ते बदल करून पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह करताना. १९९२ सालच्या या फॉरमॅटमध्ये चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळला जातो, आणि नव्याने सेव्ह करताना ही गाळणी पुन्हा लागते. गैरसमजाचं मूळ बहुधा इथंच असावं: काही प्रोग्रॅम नुसता फोटो फिरवला तरी तो नव्याने सेव्ह करतात. खरं तर दिशेची नोंद बदलून किंवा चौकोनांची मांडणी बदलूनही फोटो फिरवता येतो. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना बघायचं ते एवढंच, की ते मूळ फाइलवर लिहितं का. डार्कटेबल आणि लाइटरूम क्लासिक ही फोटो संपादनाची सॉफ्टवेअर लिहीत नाहीत. केलेले बदल सूचनांच्या रूपात वेगळे ठेवतात. डार्कटेबल फोटोशेजारी या सूचनांची एक्सएमपी फाइल बनवतं, लाइटरूम क्लासिक त्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदींच्या फाइलमध्ये, नोंदतं. कचरा समजून ती एक्सएमपी उडवणारे बरेच भेटतात! बॅकअप घेताना ती आणि कॅटलॉग, दोन्ही सोबत घ्या.