‘निगेटिव्ह’ या शब्दामागचा इतिहास

गेफिटिनिब हे फुप्फुसाच्या कर्करोगावरचं औषध आधी आलं. ते कुणाला द्यायचं, हे नंतर कळलं. २००२ साली जपानने आणि २००३ साली अमेरिकेने त्याला परवानगी दिली. तेव्हा डॉक्टरांना एवढंच दिसत होतं की बहुतेकांना गोळीचा काही उपयोग होत नाही, पण मोजक्या रुग्णांच्या फुप्फुसातली गाठ बघता बघता आकसते. कोडं सुटलं २००४ मध्ये, बॉस्टनला. औषध लागू पडलेल्या ९ जणांच्या गाठी तपासल्या, तर ८ जणांत ईजीएफआर या, पेशींना वाढीचा संकेत देणाऱ्या जनुकात बदल सापडला. लागू न पडलेल्या ७ जणांत तो एकातही नव्हता.

इथवर हा संशोधनाचा विषय होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवर केलेल्या ‘आयपास’ चाचणीने त्याला दुसरी धार आणली: ज्यांच्या गाठीत हा बदल नाही, त्यांना केमोथेरपीऐवजी ही गोळी दिली तर आजार लवकर बळावतो. म्हणजे रिपोर्ट चुकला तर नुकसान दोन्हीकडून. चांगलं औषध हुकतं, नाहीतर निरुपयोगी औषधात मोलाचे महिने जातात.

आणि प्रयोगशाळा? जिला जी पद्धत जमत होती, ती तिने लावली. सुरुवातीला बहुतेकांची भिस्त सँगर सिक्वेन्सिंगवर, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचण्याच्या जुन्या पद्धतीवर होती. त्यातली अडचण साध्या हिशेबाची आहे. बायोप्सीचा तुकडा म्हणजे निव्वळ गाठ नव्हे. त्यात निरोगी पेशीही असतात. समजा १०० पैकी २० पेशी कर्करोगाच्या आहेत. जनुकाच्या दोन प्रतींपैकी बदल सहसा एकीतच असतो, म्हणजे तुकड्यातल्या एकूण प्रतींपैकी जेमतेम १० टक्के बदललेल्या. सँगरला साधारण १५ ते २० टक्के तरी लागतात. बदल असूनही दिसत नाही, आणि कागदावर उमटतं ‘निगेटिव्ह’. खरं तर तिथे ‘नमुना अपुरा’ असं लिहायला हवं होतं. माझ्या मते या क्षेत्रातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ या एका शब्दात आहे.

उलट बाजूची चूक फॉर्मालिनमुळे होते. तुकडा टिकवण्यासाठी तो फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मग मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. फॉर्मालिनमुळे डीएनएमधल्या सी अक्षराची मोडतोड होऊन ते टी असं वाचलं जाऊ शकतं. २००५ मध्ये सापडलेला, औषधाला दाद न देणारा ईजीएफआरमधला टी७९०एम हा बदलही नेमका सीचा टी होण्याचाच! त्यामुळे अतिसंवेदनशील पद्धतीने जुना ब्लॉक तपासताना दिसलेला पुसटसा टी७९०एम गाठीतला की बाटलीतला, हा प्रश्न उरतोच.

२००७ मध्ये जपानी संशोधकांनी ईएमएल४-एएलके हा जनुकांचा जोड, म्हणजे दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटल्याचा बदल, शोधला. त्याची चाचणी, फिश, आणखी किचकट: तीत जनुकाच्या दोन बाजूंना चमकणारे रंग लावतात, आणि जनुक तुटलं की ते वेगळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ५० पेशी मोजायच्या, लाल-हिरवे ठिपके किती पेशींत विलग झालेत ते पाहायचं. उंबरठा १५ टक्क्यांचा, त्यामुळे काठावर दोन-तीन पेशींनी निकाल फिरतो.

अशा अनुभवातून बाह्य गुणवत्ता तपासणी रुजली: एकाच गाठीचे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवायचे, उत्तरं ताडून पाहायची. युरोपात ईएमक्यूएन, अमेरिकेत कॅप या संस्था हे काम करतात. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी रिपोर्टसाठी कामाचे १० दिवस ही मर्यादा घातली. २०१८ च्या आवृत्तीत अट कडक झाली: नमुन्यात कर्करोगाच्या पेशी २० टक्केच असल्या तरी बदल पकडता आला पाहिजे.

याच काळात नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग आलं आणि एकाच तुकड्यात अनेक जनुकं वाचता येऊ लागली. डीएनएच्या ठरावीक भागाच्या प्रती वाढवून तपासणारं पीसीआर किट फक्त ठरलेले बदल शोधतं, त्यामुळे ईजीएफआरच्या एक्सॉन २० या भागातली बरीच इन्सर्शन्स, म्हणजे मध्येच घुसलेली जादा अक्षरं, त्याच्या हाती लागत नसत; ती आता दिसतात. पण नुसतं डीएनए वाचणाऱ्या पॅनेलमधून (अनेक जनुकांच्या एकत्रित चाचणीतून) जनुकांचे काही जोड निसटतात, त्यासाठी आरएनए, म्हणजे जनुकावरून पेशीत तयार होणारी नक्कल, लागतो, आणि तो जुन्या ब्लॉकमध्ये लवकर खराब होतो.

२०१६ मध्ये अमेरिकेने रक्तावरच्या ईजीएफआर चाचणीला मान्यता दिली, तीही एका अटीसह: रक्तात बदल सापडला नाही, तर पुन्हा गाठीचा तुकडा तपासायचा.