उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचत नाही

पेडर रोडचा उतार लागला की गाडी न्यूट्रल करा, पेट्रोल वाचेल, असं मुंबईत अजूनही शिकवलं जातं. कार्ब्युरेटरवाल्या पद्मिनी टॅक्सीत याला थोडा आधार होता. आजच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात उलटं घडतं. गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि वेग बराच उतरेपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, इंधन बंद ठेवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल जळतच राहतं. ऑटोमॅटिकवाल्यांनीही 'डी'वरून 'एन'वर जाऊ नये.

बोरघाटात तर कृपा करून हे नकोच! इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. तिथे खालचा गिअरच हवा. ऑटोमॅटिकमध्ये 'एल' किंवा मॅन्युअल मोड.