ग्रुबेंडोल, मु. पो. लंडन

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशातून लंडनला येणाऱ्या टपालात ‘मॉन्सिय ग्रुबेंडोल, लंडन’ एवढाच पत्ता लिहिलेली पत्रे असत. ना गल्ली, ना घर. या नावाचा माणूस लंडनमध्ये राहतच नव्हता, तरीही एकेक पत्र बिनचूक योग्य हाती पडे. टपालवाल्यांना ठाऊक असे की ग्रुबेंडोलचे पत्र जोसेफ विल्यमसन या सरकारी अधिकाऱ्याच्या कचेरीत टाकायचे. तिथून ते पॉल मॉल रस्त्यावर राहणाऱ्या हेन्री ओल्डेनबर्गकडे जाई. ओल्डेनबर्ग हे नाव रोमन लिपीत लिहून त्याची अक्षरे उलटसुलट केली की ग्रुबेंडोल तयार होतो.

या नाटकामागे साधा पैशाचा हिशेब होता. त्या काळी टपालखर्च पत्र घेणाऱ्याच्या माथी बसे, तोही कागद किती आणि अंतर किती यावर. लिफाफा नसे. कागदाचीच घडी घालून वर लाखेचा शिक्का मारत. एखाद्या इटालियन वैद्याने उत्साहाच्या भरात दहा पाने लिहिली, तर भुर्दंड लंडनच्या माणसाला. ओल्डेनबर्गला तर अशी पत्रे ढिगाने येत आणि त्याची मिळकत बेताची होती. म्हणून त्याने विल्यमसनशी सौदा केला. टपालखर्च सरकारने सोसायचा, त्या बदल्यात युरोपभरच्या पत्रांतून कळणाऱ्या राजकीय बातम्या विल्यमसनला मिळायच्या. विज्ञानाचा टपालखर्च हेरखात्याने भरला, असे म्हणायला फारशी हरकत नाही.

ओल्डेनबर्ग जन्माने जर्मन, ब्रेमेन शहरचा. लंडनमध्ये 1660 साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचा, म्हणजे विज्ञानाची हौस असणाऱ्यांच्या मंडळाचा, तो चिटणीस होता. स्वतः त्याने एकही शोध लावला नाही. शाळेच्या पुस्तकात बॉइल आहे, हूक आहे, न्यूटन आहे, ओल्डेनबर्ग नाही. पण या तिघांनी काय केले हे पॅरिसला, फ्लोरेन्सला किंवा डान्झिगला कळायचे ते बहुतेक त्याच्या पत्रांतून. मला स्वतःला शोध लावणाऱ्यांपेक्षा ही मधली माणसे जास्त विलक्षण वाटतात. शोध एकट्याने लागत असेलही, पण तो खरा आहे हे एकट्याला ठरवता येत नाही. दुसऱ्या गावातल्या, शक्य तर आपल्याशी न पटणाऱ्या माणसाने तो पुन्हा करून पाहावा लागतो. त्या दुसऱ्या माणसाला कुणीतरी कळवायला हवे, गप्प बसला तर टोचायला हवे.

ओल्डेनबर्गच्या आधीच्या पिढीत हे काम पॅरिसमध्ये मारँ मर्सेन करत असे. तो मिनिम पंथाचा साधू, राहायला मठात. देकार्त, फर्मा, गासांदी, हॉब्ज, त्या काळच्या अशा सगळ्या तत्त्वज्ञांशी आणि गणितज्ञांशी त्याची पत्रोपत्री. एकाचे गणित दुसऱ्याला पाठवायचे, दुसऱ्याचा आक्षेप पहिल्याला कळवायचा आणि वाद पेटला की आणखी दोघांना त्यात ओढायचे, हा त्याचा खाक्या. खासगी पत्र खासगी राहील अशी अपेक्षाच कुणी ठेवत नसे. पत्र एकाला लिहिलेले असले तरी त्याच्या नकला निघणार आणि ते चारचौघांत वाचले जाणार, हे धरूनच ते लिहिले जाई.

1644 च्या जूनमध्ये फ्लोरेन्सहून तोरिचेल्ली या गणितज्ञाने रोममधल्या रिची या मित्राला एक पत्र लिहिले. एका टोकाला बंद असलेल्या काचेच्या नळीत पारा भरायचा आणि ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरायची. नळीतला पारा थोडा खाली येऊन थांबतो. तो का थांबतो? तोरिचेल्लीचे म्हणणे असे की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहिलो आहोत आणि त्या समुद्राचे वजन पाऱ्याला तोलून धरते. रिचीकडून ही बातमी मर्सेनकडे पोचली. तो स्वतः इटलीला जाऊन आला आणि पॅरिसला परतल्यावर प्रयोग करायला बसला. पण पाऱ्याचा भार सोसेल अशी धड नळीच तिथे मिळेना! घोडे तिथेच अडले. शेवटी 1646 मध्ये रुआँ शहरात, जिथे काचेचे कारखाने चांगले होते, प्येर पतीने तो प्रयोग जमवला. सोबत तेवीस वर्षांचा ब्लेझ पास्काल होता.

हवेला खरोखर वजन असेल तर डोंगरावर तो भार कमी भरायला हवा. पास्काल राहायचा सपाट प्रदेशात, म्हणून त्याने क्लेरमाँ गावी राहणाऱ्या आपल्या मेव्हण्याला, फ्लोराँ पेरियेला, नोव्हेंबर 1647 मध्ये पत्र धाडले: शेजारच्या प्युई द दोम डोंगरावर पारा घेऊन चढ. पेरियेला मुहूर्त मिळाला तो पुढच्या वर्षी, 19 सप्टेंबर 1648 ला. गावातल्या मिनिम मठाच्या, म्हणजे मर्सेनच्याच पंथाच्या, बागेत एक नळी ठेवली आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवले. दुसरी नळी घेऊन मंडळी वर गेली. माथ्यावरचा पारा खालच्यापेक्षा सुमारे 8 सेंटिमीटर उतरला होता. बागेतला दिवसभर जागचा हलला नाही. मर्सेनला हे कळले नाही. तो 1 सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवस आधी वारला होता.

सगळे सांगून टाकायची हौस असली तरी श्रेय कुणाला सोडायचे नसते. पत्र वाटेत कुणीही वाचू शकतो आणि वाचणारा तीच गोष्ट आपली म्हणून छापू शकतो. यावर त्या काळच्या विद्वानांनी काढलेला तोडगा मोठा गमतीचा आहे. शोध एका लॅटिन वाक्यात लिहायचा, त्याची अक्षरे विस्कटायची आणि तो गोंधळ पत्रातून पाठवून द्यायचा. पुढे कुणी तोच शोध मांडला, तर अक्षरे जुळवून दाखवायची की हे मला आधीच माहीत होते. 1610 मध्ये गॅलिलिओने अशी 37 अक्षरे प्रागला पाठवली. त्याला सांगायचे होते, ‘सर्वांत उंच ग्रह मी तिहेरी पाहिला’, म्हणजे शनीच्या दोन बाजूंना त्याला काहीतरी दिसले होते. प्रागमध्ये केप्लर ती अक्षरे जुळवत बसला आणि ओढूनताणून त्याने वाक्य काढले ते मंगळाच्या जुळ्या मुलांना नमस्कार करणारे. मंगळाला दोन चंद्र आहेत, असा अर्थ त्याने लावला. उत्तर साफ चुकले. गंमत अशी की मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत. ते सापडले 1877 मध्ये.

ओल्डेनबर्गला ही लपवाछपवी पसंत नव्हती. 1664 मध्ये त्याने बॉइलला लिहिले होते की नवी गोष्ट नोंदवताना ती कुणी सांगितली आणि केव्हा सांगितली हेही तितक्याच काळजीने नोंदवायला हवे. तरच शोधाचा मान पुढच्या पिढ्यांपर्यंत सुखरूप राहील. लपवायचे कशाला, ताबडतोब सांगा, तारीख आम्ही टिपून ठेवतो, असा त्याचा रोख. आजही शोधनिबंधावर तो संपादकाकडे कधी आला याची तारीख छापतात.

तारीख टिपणे मात्र वाटते तितके सोपे नव्हते. इंग्लंड जुन्या ज्युलियन पंचांगाला चिकटून होते, हॉलंड आणि फ्रान्समधले बहुतेक लोक नव्या ग्रेगोरियन पंचांगाने चालत, आणि दोघांत दहा दिवसांचा फरक. अॅम्स्टरडॅमहून 20 तारखेला निघालेले पत्र वारा अनुकूल असल्यास चार-पाच दिवसांत लंडनला पोचायचे, तेव्हा तिथे 14 किंवा 15 तारीख असायची. पत्र लिहिण्याआधीच पोचले म्हणायचे! भरीला इंग्रजांचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे ओल्डेनबर्गने काढलेल्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकावर 6 मार्च 1664/5 असे दुहेरी साल पडले: कायद्याने 1664, एरवी 1665.

‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे ते नियतकालिक, 16 पानांचे. आलेल्या पत्रांतले वेचे छापायचे, म्हणजे प्रत्येकाला वेगळी नक्कल धाडायला नको, ही त्यामागची सोय. शिवाय दोन पैसे सुटतील ही आशाही होती. पहिल्या अंकात गुरू ग्रहावरचा एक डाग आहे, एक विचित्र वासरू आहे आणि बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकारही. ज्याला जे दिसले ते त्याने कळवले. पुढे लंडनमध्ये प्लेग आला, 1666 मध्ये शहर जळाले, तरी अंक निघत राहिले.

पत्रे यायची वाट पाहत ओल्डेनबर्ग बसत नसे, प्रश्न पाठवून उत्तरे मागवत असे. मार्च 1667 च्या अंकात ‘सुरत आणि पूर्वेकडील इतर भाग’ यांच्यासाठी एक प्रश्नावलीच छापली आहे. तिकडे जाणाऱ्या इंग्रजांनी डोळे उघडे ठेवून काय पाहावे, याची ती यादी. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. जावा बेटावरच्या बटाव्हियाला गेलेल्या अशाच एका यादीत विचारले होते की खणून काढलेले हिरे तीन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवतात, हे खरे का? तिथून उत्तर आले: माणसाच्या आठवणीत तरी कधीच नाही. धोत्र्याचे विष माणसाच्या अंगात हवे तितके दिवस दडवून ठेवता येते का, अशीही एक शंका होती. आज हसू येते, पण ऐकीव गोष्ट पुढे ढकलण्याऐवजी तिथल्या माणसाला विचारायचे, हे त्यात खरे नवे होते. औरंगजेबाच्या दरबाराशी संबंध आलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियरच्या वृत्तांताचा इंग्रजी अनुवाद 1671 मध्ये निघाला, तोही ओल्डेनबर्गनेच केलेला. बर्नियर हा मर्सेनचा मित्र गासांदी याचा शिष्य, आणि सुरतेच्या लुटीची हकीकत त्याच्या वृत्तांतात आहे.

इतकी परदेशी पत्रे येणाऱ्याकडे सरकारचे लक्ष न जाते तरच नवल. जून 1667 मध्ये डच आरमार थेट मेडवे नदीत शिरले आणि इंग्रजांची जहाजे जाळून गेले. लंडनमध्ये घबराट पसरली आणि त्याच महिन्यात ओल्डेनबर्गची रवानगी टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात, कैदेत झाली. पत्रांत त्याने युद्धाबद्दल सैल तोंडाने लिहिले होते, हे निमित्त. ज्या विल्यमसनच्या कचेरीने त्याचे टपाल चालवले, तीच सरकारी यंत्रणा आता त्याच्यावर उलटली. दोनेक महिन्यांनी, तह झाल्यावर, तो सुटला आणि पुन्हा पत्रे लिहू लागला.

त्याची कामाची रीत मार्टिन लिस्टर या वैद्याने सांगून ठेवली आहे. सत्तरहून जास्त लोकांशी पत्रव्यवहार असूनही तुंबत कसा नाही, असे विचारल्यावर ओल्डेनबर्ग म्हणाला की शाई, लेखणी आणि कागद समोर तयार असल्याशिवाय मी पत्र वाचतच नाही. वाचले की लगेच उत्तर. आपल्या फोनमधले न वाचलेले निरोप पाहता हा माणूस संतच म्हणायचा.

डेल्फ्टच्या आंतोनी फान लेव्हेनहूकच्या बाबतीत या रीतीचे सगळ्यात मोठे फळ मिळाले. हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी चढलेला नव्हता, लॅटिन येत नव्हते, फक्त डच. अशा माणसाचे पत्र विद्वानांच्या सभेत कोण वाचणार? 1673 मध्ये त्याच गावच्या रेग्निएर द ग्राफ या वैद्याने त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिले, तेव्हा दार उघडले. ओळखीच्या सद्गृहस्थाने ‘हा माणूस विश्वासाचा आहे’ म्हणणे, हीच तेव्हाची पात्रता परीक्षा. ओल्डेनबर्गने त्याला सोडले नाही. त्याची डच पत्रे तो स्वतः इंग्रजीत करत असे.

मिरी तिखट का लागते, हा प्रश्न लेव्हेनहूकला पडला होता. मिऱ्यांना काटे असतील का? म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. तीनेक आठवड्यांनी, 24 एप्रिल 1676 ला, आपल्या इवल्याशा एकभिंगी सूक्ष्मदर्शकाखाली तो त्या पाण्याचा थेंब बघतो, तर त्यात अगणित सूक्ष्म जीव वळवळत होते. काही तर इतके लहान की आज आपण त्यांना जिवाणू म्हणून ओळखतो. 9 ऑक्टोबरला त्याने हे सगळे लांबलचक पत्रात कळवले. लंडनमध्ये कुणाचा विश्वास बसेना. नेहेमिया ग्रू याने बघून पाहिले, दिसले नाही. भिंगे कशी घासतो हे लेव्हेनहूक सांगायला तयार नव्हता, हीही अडचण होती. त्याऐवजी त्याने गावातल्या आठ प्रतिष्ठितांना सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले आणि त्यांच्या सहीच्या साक्षी पाठवून दिल्या. त्यात धर्मोपदेशक होते, नोटरीही होता. शेवटी रॉबर्ट हूकने काचेच्या केसासारख्या बारीक नळ्यांत मिरीचे पाणी घेतले आणि 15 नोव्हेंबर 1677 ला सोसायटीच्या बैठकीत सभासदांना ते जीव दाखवले. ओल्डेनबर्ग त्या बैठकीत नव्हता. मर्सेनसारखेच त्याचेही झाले: सप्टेंबरमध्ये तो गेला होता.

हूकला त्याच्या जाण्याचे दुःख झाले असेल असे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने नाजूक स्प्रिंगवर चालणाऱ्या घड्याळाची कल्पना ओल्डेनबर्गला कळवली होती. माझी युक्ती यानेच पत्रातून परदेशी पोचवली, असा हूकचा आरोप. बातम्यांचा व्यापारी, असे त्याने ओल्डेनबर्गबद्दल छापून लिहिले. सोसायटीने ओल्डेनबर्गची बाजू घेतली. मधल्या माणसाला दोन्हीकडून शिव्या खाव्याच लागतात. पण तो गेल्यावर नियतकालिकही काही वर्षे बंद पडले, हेही खरे.

सगळ्यात लांब पोचलेले पत्र न्यूटनचे. 24 ऑक्टोबर 1676 चे ते पत्र लायब्निट्स या जर्मन गणितज्ञासाठी होते, ओल्डेनबर्गमार्फत. त्यात न्यूटनने कलनशास्त्राचे (कॅल्क्युलसचे) मर्म विस्कटलेल्या अक्षरांत लपवले होते. ते हॅनोव्हरला पोचायला पुढच्या वर्षाचा उन्हाळा उजाडला. लायब्निट्सने ताबडतोब उत्तर दिले आणि स्वतःची रीत उघड मांडली. तेवढ्यात ओल्डेनबर्ग वारला आणि हा पत्रव्यवहार तुटला. कलनशास्त्र आधी कुणाचे, हे भांडण पुढे पेटले तेव्हा 1712 मध्ये रॉयल सोसायटीने समिती नेमली आणि तिने जुन्या पत्रांच्या फायली काढून, तारखा लावून, निकाल दिला: मान न्यूटनचा. सोसायटीचा अध्यक्ष तेव्हा न्यूटनच होता आणि अहवालावर हातही बहुतांशी त्याचाच फिरला होता. तीन वर्षांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्या अहवालाचे लांबलचक परीक्षण आले, भरपूर वाखाणणारे. खाली नाव नव्हते. तेही न्यूटननेच लिहिले होते.