पार्श्वभूमी : जर्सीच्या डीनचं पद

‘डीन’ म्हटलं की आपल्याकडे मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता आठवतात. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रातल्या जर्सी बेटावर डीन म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चचे (इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचे) प्रमुख. त्यांची नेमणूक बिशप करत नाहीत, ब्रिटिश राजसत्ता सनद देऊन करते. या पदाभोवतीच्या बहुतेक वादांचं मूळ इथे आहे.

जर्सी फ्रान्सच्या किनाऱ्यापासून जेमतेम २२ किलोमीटरवर, म्हणून बेटावरची चर्चं आधी नॉर्मंडीतल्या कुतांस धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या अखत्यारीत होती. १५६९ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने ती इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या बिशपांकडे सोपवली. पण तोवर बेटावर फ्रेंच कॅल्विनपंथ (जॉन कॅल्विनच्या शिकवणीवरचा प्रोटेस्टंट पंथ) रुजला होता. त्याला बिशपही नको होते आणि डीनही. पद बराच काळ रिकामं राहिलं. अखेर १६२० मध्ये पहिल्या जेम्स राजाने डेव्हिड बँडिनेल यांना डीन केलं आणि १६२३ मध्ये जर्सीसाठी चर्चचे वेगळे नियम मंजूर केले. पुढे राजा आणि संसद यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात बँडिनेल संसदेच्या बाजूने गेले. राजनिष्ठ कार्टरेट घराण्याने त्यांना मुलासह माँ ऑर्ग्यूल किल्ल्यात डांबलं. १६४५ मध्ये तिथून दोराने उतरून पळताना ते खाली पडले आणि त्यातच गेले.

बिशप समुद्रापलीकडे, त्यामुळे रोजचा अधिकार डीनकडेच आला. चर्च न्यायालयाचे प्रमुख तेच आणि बाराही जुन्या पॅरिशांचे (चर्चच्या स्थानिक विभागांचे) रेक्टर, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, त्यांचे सहायक. लग्नाचे विशेष परवाने डीन देतात. मृत्युपत्राचं प्रोबेटही (ते खरं असल्याची कायदेशीर मान्यता) १९४९ पर्यंत याच न्यायालयातून मिळे. बेटाच्या विधिमंडळात पूर्वी बाराही रेक्टर बसत आणि मत देत. १९४८ च्या सुधारणेत ते गेले, डीन तेवढे राहिले. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही. हे आम्हाला योग्य वाटतं. न निवडलेल्या माणसाच्या हाती मत नसावं, पण सभागृहात त्याचं ऐकलं जावं.

अडचण येते ती डीन आणि बिशप यांचं बिनसलं की. नेमणूक राजसत्तेची, पण काम करायचा धार्मिक अधिकार बिशपांचा. २०१३ मध्ये एका तक्रारीच्या हाताळणीवरून विंचेस्टरच्या बिशपांनी तो काढून घेतला आणि काही आठवड्यांनी परत दिला. संबंध मात्र सावरले नाहीत. २०१४ पासून जर्सीसह चॅनल बेटांची देखरेख तात्पुरती कँटरबरीच्या आर्चबिशपांकडे गेली आणि २०२२ मध्ये ही बेटं रीतसर इंग्लंडमधल्याच सॉल्झबरी धर्मप्रांतात आली. पोपच्या १४९६ च्या फर्मानात, जे कधी अमलातच आलं नाही, बेटं याच सॉल्झबरीला जोडलेली होती.